शेवटच्या थांब्यावर उतरायचं नसतं

५ तारीख, रविवार

ही डायरी ह्यांची. बसखात्याकडून ड्रायव्हर लोकांना दरवर्षी एक मिळायची आणि हे दरवर्षी ती कपाटात टाकायचे. "गाडी चालवू की लिहीत बसू?" त्यांतली ही शेवटची. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलंय: गाडी क्रमांक, मार्ग, फेऱ्या, शेरा. हे गेल्याला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. कोरी पानं बघवेनात, म्हणून आजपासून मीच लिहायला घेतलीय. गाडी क्रमांक नाही, फेऱ्या नाहीत. शेरा: पोचले.

लेक स्टेशनवर आली होती. गळ्यात पडून रडली, मग मीही रडले, मग दोघी हसलो. जावई बाजूला उभे. आमचं रडणं-हसणं आटपल्यावर माझी बॅग उचलून चालू लागले. नमस्कार केला, पण तोंडातून अक्षर नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, या माणसाने मला अजून कशानेही हाक मारलेली नाही. आई नाही, सासूबाई नाही, नुसतं अहोसुद्धा नाही. माझं लक्ष वेधायचं असलं की खोकतात. आज घरी येईपर्यंत तीनदा खोकले. पहिला खोकला म्हणजे समोर पायरी आहे, दुसरा म्हणजे गाडी येतेय. तिसऱ्याचा अर्थ मला कळला नाही.

खरी गोष्ट लिहून ठेवते, डायरीत तरी खोटं कशाला. मी इथे पंधरा दिवसांसाठी आलेय असं मी म्हणते. लेक म्हणते, कायमची आलीस. आमची दोन खोल्यांची क्वार्टर खात्याची. हे गेल्यावर खात्याने दोन वर्षं राहू दिलं. आणखी वर्षभर हवी असेल तर मुदतवाढीचा अर्ज वीस तारखेपर्यंत टपालात पडला पाहिजे, नाहीतर क्वार्टर गेली. अर्ज भरून, सही करून, पाकिटात घालून मी पर्समध्ये ठेवलाय. लेकीला सांगितलेलं नाही. त्या दोन खोल्यांत मी चौतीस वर्षं काढली. उंबऱ्याजवळची एक फरशी हलते, ती कुठे पाय दिला की वाजते आणि कुठे दिला की गप्प राहते, ते मला ठाऊक आहे. ते सोडून जावयाच्या घरी जन्म काढायचा? छे!

७ तारीख, मंगळवार

दोन दिवस नुसती बसून आहे. लेकीच्या शाळेत परीक्षा, ती पेपरांच्या गठ्ठ्यात बुडालेली. जावई पाणीखात्यात आहेत, रस्त्याखालच्या नळांचे नकाशे काढतात. ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जायलाच तास लागतो म्हणे. दोघं गेली की घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

आज चमचा शोधायला चार खण उघडले. आपल्या घरात डोळे मिटून हात घातला तरी चमचा हाताला लागतो. इथे दिवसाढवळ्या सापडेना, तेव्हा चहात साखर बोटाने ढवळली आणि बोट भाजून घेतलं. संध्याकाळी लेकीने बोट बघितलं आणि विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "दारात अडकलं." ती लगेच हळवी होते, म्हणून.

जेवताना मी जाहीर केलं, "परवा गुरुवार. मी शहर बघायला जाणार. एकटी."

"एकटी? आई, वेडबिड लागलंय का? रविवारी आपण सगळी जाऊ."

"गुरुवारीच जाणार. तुझ्या बाबांची सुट्टी गुरुवारी असायची. आणि मी आंधळी आहे का लंगडी? कोणी बरोबर आलं तर मी दारातच फतकल मारून बसेन, सांगून ठेवते."

लेकीने जावयांकडे बघितलं. जावयांनी ताटाकडे बघितलं. मग उठले, चौकटीचा कागद घेतला आणि जेवण अर्धं टाकून नकाशा काढायला बसले. नकाशा सुरेख आहे, पण त्यात चौक कमी आणि झाकणं जास्त. कुठे मोठा नळ वळतो, कुठे व्हॉल्व्ह आहे, सगळं. मी म्हटलं, "हा माणसांसाठी काढलाय की पाण्यासाठी?" लेक खो खो हसली. जावई कानापर्यंत लाल झाले आणि कोपऱ्यात स्वतःचा फोन नंबर लिहून कागद माझ्याकडे सरकवला.

९ तारीख, गुरुवार. संध्याकाळ

पायांचे तुकडे पडलेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी नऊला निघाले. जावई माझ्याआधीच आपला तपकिरी कोट चढवून ऑफिसला गेले होते. लेक दारात उभी राहून म्हणाली, "सांभाळून जा गं." मी म्हटलं, "पेपर तपास तू."

पहिल्यांदा घड्याळाचा मनोरा. नकाशावर दाखवलेलं गोल झाकण बरोबर त्याच्या पायथ्याशी सापडलं, तेव्हा जावयांबद्दल थोडा आदर वाटला. मनोरा उंच आहे, घड्याळ सहा मिनिटं मागे आहे. हे असते तर तिथेच उभे राहून चिडले असते. सहा मिनिटं म्हणजे ह्यांच्या हिशेबात अर्धी फेरी. आमच्या गल्लीत लोक ह्यांची गाडी वळणावर आली की घड्याळं लावायचे.

मनोऱ्याशेजारी टपालाची पेटी होती. पाकीट काढलं. पेटीच्या तोंडाशी धरलंही. मग वाटलं, इतक्या घाईने कशाला, येताना टाकू. पाकीट परत पर्समध्ये. मला अजिबात कसलीही शंका नाही, तरी हात मागे आला. उन्हामुळे असेल.

रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं, तेवढ्यात मागे कोणीतरी इतक्या जोरात खोकलं की मी दचकून थांबले, आणि नाकासमोरून एक मोटार सुसाट गेली. मागे वळून बघितलं तर ही गर्दी. देवच खोकला म्हणायचा.

मग संग्रहालय. दारावरच्या माणसाने विचारलं, "दोन?" मी म्हटलं, "दिसायला मी जाडी असेन, पण एकच आहे." तो माझ्या खांद्यावरून मागे बघून हसला आणि मला आत सोडलं. आत भांडी, तलवारी, कोणा राजाचा पलंग. पलंग आखूड होता. माणसं इतक्या पैशांची असून पाय पोटाशी घेऊन झोपायची, याचं मला फार वाईट वाटलं.

पुलावर वारा सुटला आणि नकाशा हातातून उडाला. मला तर रडूच फुटायचं बाकी राहिलं. दहा मिनिटं कठड्यापाशी तशीच उभी. मग फुलं विकणारी बाई धावत आली, "मावशी, हा तुमचा ना? पलीकडच्या त्या साहेबांनी पकडला." पलीकडे बघितलं तर एक गृहस्थ पाठ करून वाकून बुटाची नाडी बांधत होते. अगदी जावयांसारखाच तपकिरी कोट. या शहरात सगळे एकाच दुकानात कपडे घेतात वाटतं. मी इथून हात हलवला, पण त्यांची नाडी काही बांधून होईना.

जेवायचं विसरलेच. दोन वाजले तेव्हा आठवलं, बाकावर बसून डबा उघडला. समोरून माणसं जात होती, येत होती, आणि एकही चेहरा ओळखीचा नाही. आमच्या इथे मी कोपऱ्यापर्यंत गेले तरी चारजणी विचारतात, कुठे निघालात. इथे मला कोणी काही विचारलं नाही.

आणि तेवढ्यात समोर सत्तावीस नंबरची बस येऊन उभी राहिली.

ह्यांनी एकोणीस वर्षं सत्तावीस नंबर चालवला. गाव वेगळं, रंग वेगळा, पण आकडा तोच. डब्याचं झाकण लावायचंही भान राहिलं नाही. चढले आणि ड्रायव्हरच्या मागची पहिली खिडकी रिकामी दिसली तशी जाऊन बसले. ती माझी जागा.

आमची सुट्टी अशीच जायची. बाकीचे लोक सुट्टीला गाडीपासून लांब पळतात, आणि हे सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसायचे! परक्या गावी गेलो की पहिल्या दिवशी देऊळ नाही, बाजार नाही. समोर येईल त्या बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. "आधी गाव खिडकीतून बघून घ्यावं," हे म्हणायचे, "मग पायांना त्रास द्यावा." लेक लहान असताना मांडीवर असायची. माझ्या खिडकीची काच खडखडली की हे खिशातला कुठलाही कागद काढून चार घड्या घालायचे आणि फटीत खोचायचे. आवाज बंद. ह्यांच्या स्वतःच्या गाडीत मी बसले असले की शेवटच्या थांब्यावर सगळे उतरायचे, मी सोडून. ड्रायव्हरची बायको उतरत नाही. हे थर्मासच्या झाकणातून चहा आणून खिडकीशी द्यायचे, दहा मिनिटांनी गाडी वळवायचे आणि आम्ही परत. चौतीस वर्षांत मी शेवटच्या थांब्यावर एकदाही उतरलेली नाही.

आजही उतरले नाही.

शेवटचा थांबा आला, माणसं उतरली, मी निवांत बसून राहिले. ऊन होतं, डोळा लागला. जाग आली ती धाडधाड आवाजाने. बघते तर दोन्ही बाजूंनी खिडकीएवढे ब्रश फिरताहेत आणि काचांवरून फेस ओघळतोय! गाडी डेपोत धुवायला लागली होती आणि आत मी. घाबरायला हवं होतं, पण खरं सांगते, मला मजा वाटली. एवढ्या वर्षांत धुण्याची वेळ आली की हे मला आधी उतरवायचे. आतून कसं दिसतं ते आज कळलं.

मग ड्रायव्हर धावत आली. हो, आली. बारीक केस कापलेली पोरगी, माझ्या लेकीपेक्षाही लहान.

"अहो आजी! शेवटचा थांबा कधीच गेला! तुम्ही उतरला नाहीत?"

"मी उतरत नसते."

"म्हणजे?"

"माझे यजमान ड्रायव्हर होते. तू चहा घेऊन गाडी परत वळवशील म्हणून बसले."

ती माझ्या शेजारीच बसली. "आजी, माझी शेवटची फेरी होती. ही गाडी आता उद्या निघणार."

तेव्हा माझा धीर सुटला. मघाशी मजा वाटत होती, आणि आता एकदम डोळ्यांतून धारा. डिझेलचा वास, ओल्या रबराचा वास, कुठेतरी कोणीतरी टायरवर हातोडी मारून बघत होतं, सगळं तसंच्या तसं. फक्त गाडी वळवणारं माणूस नव्हतं. त्या पोरीने काही न विचारता माझ्या हातातला नकाशा घेतला आणि कोपऱ्यातल्या नंबरवर फोन लावला.

चार मिनिटांत जावई हजर! धापा टाकत. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि ते चार मिनिटांत कसे आले? या भागात कुठे नळ फुटला असेल, त्या कामाला आले असतील. दैव बलवत्तर माझं. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा, "नळ फुटला का इकडे?" ते म्हणाले, "अं... हो."

गाडीत चढले ते दोन हातांत दोन कागदी कप घेऊन. एक कप त्यांनी माझ्या हातात दिला. खोकले नाहीत, बोलले नाहीत, मागच्या बाकावर बसले आणि आपला चहा प्यायले. मी खिडकीशी बसून माझा प्यायले. साखर थोडी जास्त होती. हे गेल्यानंतर गाडीत मला कोणी चहा आणून दिला तो आज. जावयांना कोणी सांगितलं होतं?

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आणि दोन वाजेपर्यंत उपाशी राहायचं असतं का गं?" हिला घरबसल्या कसं कळतं सगळं, देव जाणे. आईच्या पोटातली भूक मुलीला कळत असेल.

अर्ज टाकायचा राहिला तो राहिलाच.

१० तारीख, शुक्रवार

जावयांच्या दोन्ही टाचांना पट्ट्या. बूट चावले म्हणे. टेबलाशी बसून काम करणाऱ्याला बूट कसे चावतात? त्यात सकाळी त्यांच्या साहेबाचा फोन आला, तो माझ्या कानावर पडला. "काल एकदम सुट्टी टाकलीत, तब्येत बरी आहे ना?" म्हणजे काल गडी ऑफिसला गेलाच नव्हता! घरात कोणाला न सांगता सुट्टी घ्यायची आणि उनाडायचं. कामचुकार. ह्यांनी एकोणीस वर्षांत तीन रजा घेतल्या. लेकीला सांगणार होते, पण कालचा चहा आठवला. नवऱ्याबायकोत आपण कशाला काडी टाकायची.

१४ तारीख, मंगळवार

शेजारणीचा फोन. तिच्याशी बोलताना मागे आमच्या जिन्यात कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला आणि मला भडभडून आलं. तिने घरची खबरबात सांगितली. झाडाला पाणी घालते आहे. क्वार्टरच्या यादीत पुढचा नंबर एका नव्या ड्रायव्हरचा आहे, बायको सातव्या महिन्यात, मित्राच्या खोलीत पडदा लावून राहतात. परवा येऊन बाहेरून खिडकी बघून गेली ती. "आजी परत येणार का हो?" एवढंच विचारलं.

"तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, येणारच. तू अर्ज टाक गं बाई. तू नसलीस तर मी कोणाशी भांडू?"

दुपारभर नुसती बसून राहिले. मीही त्या घरात सातव्याच महिन्यात आले होते. आधी आम्ही ह्यांच्या आत्याच्या स्वयंपाकघरात झोपायचो. चावी मिळाली त्या दिवशी सामान म्हणजे एक ट्रंक आणि स्टोव्ह. हे म्हणाले, "आता हातपाय पसरून झोप." मी खरंच पसरले आणि हे बिचारे भिंतीशी.

आज चमचा पहिल्याच खणात सापडला. ही काही लिहिण्याची गोष्ट नाही, पण लिहिली.

१७ तारीख, शुक्रवार

लेकीला पाकीट सापडलं. चष्मा शोधायला माझी पर्स उघडली होती तिने. ओरडली नाही, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं. नुसती पाकीट हातात धरून उभी राहिली.

"तुला नको आहोत का आम्ही?"

"असं नाही गं. जावयाच्या घरी किती दिवस राहायचं माणसाने? त्यांना नको वाटत असेल. सहा वर्षांत मला कधी हाक मारली नाही त्यांनी."

"आई, त्याची आई तो चार वर्षांचा असताना गेली. हाक मारायची सवयच नाही त्याला. कोणाला मारणार होता?"

हे मला ठाऊक होतं, तरी ठाऊक नव्हतं. लेक पाकीट टेबलावर ठेवून गेली. "टाकायचं तर टाक. मी अडवणार नाही."

१९ तारीख, रविवार

उद्या शेवटचा दिवस. सकाळी मी जावयांना म्हटलं, "मला जरा टपालपेटीपर्यंत सोडता का? ते पाकीट टाकायचंय." त्यांनी मान हलवली आणि बूट चढवले. लेक आतून बाहेर आली नाही.

पेटी मनोऱ्याजवळ. आम्ही पोचतो तोच सत्तावीस नंबर येऊन उभी. ड्रायव्हर तीच पोरगी! मला बघून तिने हॉर्न वाजवला. "आजी, आज माझी पहिली फेरी आहे! परत येणार आहे गाडी, चला!"

माझे पाय आपोआप चढले. पाकीट येताना टाकू म्हटलं, पेटी काही पळत नाही. माझी खिडकी रिकामी होती. मी बसले आणि बघते तर जावई दोन बाक मागे जाऊन बसताहेत, सवयीने बसावं तसे.

"अहो, तिकडे मागे काय? इथे या की. जागा आहे."

ते उठून आले आणि अगदी कडेला अंग चोरून शेजारी बसले. गाडी सुटली. मी त्यांना म्हटलं, हे म्हणायचे की आधी गाव खिडकीतून बघून घ्यावं. त्यांनी ऐकलं. मग हळूहळू ते स्वतःच सांगायला लागले. या चौकाखाली सगळ्यांत जुना नळ आहे, नव्वद वर्षांचा, अजून गळत नाही. त्या शाळेखाली पाणी दोन्हीकडून येतं. त्या झाडाची मुळं नळाला विळखा घालून बसलीत, पण त्यांनी साहेबाला सांगून नळ वळवला, झाड ठेवलं. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला बोलता येतं की!" तर हसले. दात छान आहेत.

पुलावर गाडी आली आणि काच खडखडायला लागली. सहन होईना. मी पर्स उघडली. आत दोनच कागद, त्यांचा नकाशा आणि माझं पाकीट. मी दोन्ही हातात घेऊन बसले. गाडी पूल ओलांडेपर्यंत बसले. मला आमची दोन खोल्यांची जागा दिसत होती, हलती फरशी दिसत होती, आणि बाहेरून खिडकीत डोकावणारी ती सातव्या महिन्यातली पोर दिसत होती. रडू आलं, ते जावयांनी बघितलं आणि पलीकडच्या खिडकीकडे बघत राहिले.

मग नकाशा घडी करून पर्समध्ये ठेवला. पाकिटाला चार घड्या घातल्या आणि फटीत खोचलं. घट्ट. आवाज बंद.

शेवटचा थांबा आला. सगळे उतरले. ड्रायव्हर पोरगी म्हणाली, "आजी, बसून राहा, दहा मिनिटांनी वळवते." मी म्हटलं, "नाही गं. आज उतरून बघते काय असतं इथे." पायरी उंच होती. जावयांनी खालून हात दिला. चार पावलं गेलो असू, तेवढ्यात ते मागे वळले, बसकडे धावले आणि पायरीवरूनच ओरडले,

"आई! आई, तुमचं पाकीट राहिलं!"

रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. मला वळायला थोडा वेळ लागला.

"राहू दे रे," मी म्हटलं. "काढलंस तर काच वाजेल."